सुई का हलली?

5 ऑगस्ट 1538. गोव्याकडे निघालेलं पोर्तुगीज जहाज मोझांबिकला थांबलं होतं. दों जुआंव द कास्त्रो होकायंत्राचं वाचन घेत होता, पण आकडे काही केल्या जुळेनात. त्याने आजूबाजूला पाहिलं. शेजारीच एक लहान तोफ होती आणि तिचं लोखंड सुईला स्वतःकडे ओढत होतं!

एरवी खलाशांनी सुईलाच दोष दिला असता. कास्त्रोने कारण शोधलं आणि लिहून ठेवलं.

होकायंत्राची सुई नेमकी उत्तर दाखवत नाही, थोडी कलते. या कलण्याला दिक्पात म्हणतात. कास्त्रो तो सूर्याच्या सावलीवरून मोजायचा. तबकडीच्या मध्यावर उभी काडी असे. सूर्य सकाळी आणि दुपारनंतर सारख्याच उंचीवर आला की तिच्या दोन्ही सावल्यांची दिशा टिपायची. त्यांच्यामधला कोन दुभागला की खरी उत्तर-दक्षिण रेषा मिळते. सुई त्या रेषेपासून जितकी ढळलेली, तितका दिक्पात. या मोजणीसाठीचं उपकरण गणिती पेद्रो नुनिश यांनी सुचवलं होतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वसईजवळ सुई पुन्हा बिथरली. या वेळी जवळ तोफ नव्हती, खडक होते. कास्त्रोने बोट खडकांकडेच दाखवलं, आणि ते बरोबर होतं. आपल्या काळ्या बसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. कोकण किनाऱ्याच्या त्या प्रवासात त्याने घारापुरीची लेणीही बारकाईने वर्णिली.

हाच माणूस 1545 मध्ये गोव्याचा गव्हर्नर झाला. 1546 मध्ये त्याने दीवचा वेढा फोडला, पण त्याच वेढ्यात मुलगा गमावला. पडझड झालेला किल्ला बांधायला पैसे नव्हते, म्हणून गोवेकरांकडे कर्ज मागताना त्याने चक्क दाढीचे केस तारण म्हणून पाठवले. त्याच्या आरमाराने गुजरातच्या किनाऱ्यावर केलेली जाळपोळही विसरता येत नाही. जून 1548 मध्ये गोव्यातच त्याचा मृत्यू झाला.

वसई 1739 मध्ये मराठ्यांनी घेतली, दीव 1961 मध्ये भारतात आलं. कास्त्रोच्या चुंबकीय नोंदींचं मोल मात्र उतरलं नाही. सोळाव्या शतकातल्या अशा नोंदींत त्यांचं स्थान फार वरचं आहे.

सह्याद्रीत भटकताना होकायंत्र कातळावर टेकवून दिशा ठरवू नका. चार पावलं बाजूला जा, पुन्हा वाचन घ्या. सुई हलली, तर कारण शोधा.