नोकरी शोधणं हीच जेव्हा नोकरी होते

तुमच्या घरातलं, नात्यातलं किंवा निदान सोसायटीतलं कुणीतरी जर्मनीत असेलच. पुण्या-नाशिकच्या कारखान्यांमध्ये काम शिकून कितीतरी मुलं-मुली तिकडे गेली. मर्सिडीज आणि बॉश या कंपन्यांचं श्टुटगार्ट तर १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर आहे. ‘आमचा मुलगा जर्मनीला असतो’ हे सांगताना आईबाबांचा आवाज आपोआप थोडा चढतो.

पण अलीकडे तिकडून वेगळ्या बातम्याही येतात. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगनने कामगार संघटनेशी करार केला आणि २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. अशा वातावरणात कुणाची नोकरी गेली की घरून पहिला प्रश्न येतो, ‘आता खर्चाचं कसं?’ उत्तर येतं, ‘भत्ता मिळतो.’ मग लगेच दुसरा प्रश्न, ‘अरे, मग रिकामाच आहेस तर दोन महिने घरी येऊन जा ना!’

यावर मुलगा म्हणतो, ‘तसं येता येत नाही.’ आणि घरच्यांना ते काही केल्या पटत नाही.

खरंच येता येत नाही. कारण जर्मनीत बेकारी भत्ता घेणारा माणूस रिकामा नसतो. नोकरी शोधणं हेच त्याचं काम असतं आणि त्या कामाचा हिशेब द्यावा लागतो. ही वेळ तुमच्यावर आली तर काय करायचं आणि तुमच्या माणसावर आली तर काय बोलायचं (आणि काय नाही), ते आज पाहूया.

हा पैसा कुणाचे उपकार नाहीत

सगळ्यात आधी मनातली लाज काढून टाका. जर्मनीत बेकारी विम्याचा कायदा १९२७ साली झाला. आजही पगाराच्या २.६ टक्के रक्कम या विम्यात जाते. त्यातली निम्मी तुमच्या पगारातून कापली जाते, निम्मी कंपनी भरते. म्हणजे गाडीचा विमा काढावा तसा तुम्ही तुमच्या नोकरीचा विमा काढलेला असतो. त्यातून मिळणाऱ्या भत्त्याला तिथे ‘आर्बाइट्सलोझेनगेल्ड’ म्हणतात.

गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने विमा भरला असेल तर भत्ता मिळतो. रक्कम ढोबळमानाने हातात येणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, आणि मूल असेल तर ६७ टक्के. हातात ३,००० युरो येत असतील तर साधारण १,८०० युरो, मूल असेल तर २,०१० युरो. वय ५० च्या आत असेल तर १२ महिन्यांच्या नोकरीवर ६ महिने आणि २४ महिन्यांच्या नोकरीवर १२ महिने भत्ता मिळतो. त्या काळात आरोग्य विम्याचा हप्ताही तेच भरतात.

मात्र या हक्काला जोडून कर्तव्यही येतं. आपल्याकडे आधीच्या पिढीने एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातलं आणि ‘कॉल येईल’ म्हणून वर्षानुवर्षं पोस्टमनची वाट पाहिली. तिकडे वाट पाहणं चालत नाही.

तारखा विसरू नका

नोकरी जाणार हे कळल्यावर माणूस सुन्न होतो. चार दिवस कुणाशी बोलू नये, झोपून राहावं असं वाटतं. पण नेमके तेच दिवस महत्त्वाचे असतात.

• नोकरी संपायच्या किमान ३ महिने आधी ‘मी नोकरी शोधतोय’ अशी नोंद रोजगार कार्यालयात करायची असते. या कार्यालयाचं नाव ‘आगेंटुअर फ्युअर आर्बाइट’. नोकरी जाणार हे उशिरा कळलं तर कळल्यापासून ३ दिवसांत नोंद करा. उशीर झाला तर एका आठवड्याचा भत्ता जातो.

• ‘मी बेरोजगार झालो’ ही नोंद वेगळी असते. ती बेकारीच्या पहिल्या दिवसापर्यंत करावी लागते. पहिली नोंद केली म्हणजे दुसरी आपोआप झाली, असं नाही.

• कंपनीने काढलं ते चुकीचं वाटत असेल तर नोटीस हातात पडल्यापासून ३ आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावावा लागतो.

• तुम्ही कामाच्या व्हिसावर असाल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला २ आठवड्यांत कळवा. भत्ता वर्षभर मिळणार म्हणून तिथे राहण्याचा परवानाही वर्षभर चालेल, असं समजू नका. ती दोन वेगळी घड्याळं आहेत.

आणि कंपनीने ‘आपसात समजुतीने राजीनामा द्या, थोडे पैसे देतो’ असं म्हटलं तर लगेच सही करू नका. स्वतःहून नोकरी सोडली असं धरलं गेलं तर १२ आठवडे भत्ता बंद राहू शकतो, आणि एकूण मिळणारे दिवसही कमी होतात. सही करण्याआधी कामगार संघटनेच्या माणसाला किंवा वकिलाला कागद दाखवा.

सल्लागार समोर बसतो तेव्हा

नोंद झाली की कार्यालयातला सल्लागार तुम्हाला बोलावतो. शिक्षण, अनुभव, भाषा, घरची परिस्थिती सगळं विचारतो. मग एक लेखी करार होतो. कार्यालय तुमच्यासाठी काय करेल आणि तुम्ही किती अर्ज कराल, त्याचा पुरावा कसा द्याल, हे त्यात लिहिलेलं असतं.

हीच जागा आहे जिथे बरेच जण गप्प बसतात. समोर सरकारी माणूस, भाषा परकी, मन आधीच खचलेलं. तो जे म्हणेल त्याला मान डोलवून घरी यायचं. असं करू नका. तुमच्या क्षेत्रात महिन्याला खरोखर किती योग्य जागा निघतात ते आधी पाहून जा. २० अर्ज करणं शक्य नसेल तर तिथेच सांगा. एकदा सही झाली की तो आकडा पाळावा लागतो. ठरलेले प्रयत्न केले नाहीत तर २ आठवडे भत्ता थांबतो. बोलावलेल्या भेटीला कारण नसताना गेला नाहीत तर एक आठवडा.

जर्मन कच्ची असेल तर चांगली भाषा येणारा मित्र किंवा मैत्रीण सोबत न्या. एक साधी वही किंवा मोबाईलवर एक तक्ता ठेवा: तारीख, कंपनी, जागा, अर्ज कसा पाठवला, उत्तर काय आलं. पाठवलेले आणि आलेले ईमेल पुसू नका. आजीच्या दूधवाल्याच्या डायरीसारखं रोजच्या रोज लिहिलं की महिन्याच्या शेवटी भांडण होत नाही.

‘नको’ म्हणण्याची किंमत

कधीकधी कार्यालय स्वतःच एखादी जागा सुचवतं. तिथे अर्ज करणं बंधनकारक असतं. पण कुठलंही काम पदरात घ्यावं लागतं का? तर नाही. कायद्यात यासाठी मोजमाप दिलेलं आहे.

पहिले ३ महिने आधीच्या पगारापेक्षा २० टक्क्यांपर्यंत कमी पगाराचं काम योग्य मानलं जातं. पुढचे ३ महिने ३० टक्क्यांपर्यंत. म्हणजे आधीचा पगार ५,००० युरो असेल तर आधी ४,००० आणि मग ३,५०० युरोपर्यंत. सातव्या महिन्यापासून, हातात येणारा पगार भत्त्याएवढा असला तरी ‘नको’ म्हणता येत नाही. पूर्णवेळ कामासाठी रोजचा जाऊन-येऊन अडीच तासांचा प्रवासही योग्य धरतात. मुंबईच्या लोकलवाल्यांना हे ऐकून हसू येईल!

ठोस कारण नसताना काम नाकारलं तर पहिल्यांदा ३ आठवडे, दुसऱ्यांदा ६ आणि त्यानंतर १२ आठवडे भत्ता बंद. म्हणून पहिले तीन महिने सोन्याचे समजा. मनासारखं काम मिळवण्याची सगळ्यात जास्त मोकळीक तेव्हाच असते. ‘जरा विश्रांती घेतो, मग बघू’ हा विचार इथे महाग पडतो.

वर्गात बसवलं तर?

सगळ्यात जास्त मनाला लागते ती ही गोष्ट. दहा-बारा वर्षं काम केलेल्या, हाताखाली टीम असलेल्या माणसाला सांगितलं जातं की अमुक तारखेपासून ‘अर्ज कसा लिहावा’ या वर्गाला यायचं. तेही सक्तीने. गेला नाहीत किंवा मध्येच सोडलात तर काम नाकारल्यासारखाच भत्ता बंद.

असा कार्यक्रम माणसाला किती दुखवू शकतो हे पाहायचं असेल तर ब्रिटिश दिग्दर्शक केन लोच यांचा ‘आय, डॅनियल ब्लेक’ हा चित्रपट पाहा. २०१६ साली कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला एक सुतार आणि त्याला नोकरी शोधायला लावणारं ब्रिटनचं सरकारी कार्यालय, अशी ती गोष्ट आहे. देश वेगळा, नियम वेगळे, पण काउंटरसमोर बसलेल्या माणसाची घुसमट तीच.

मग यावर उपाय काय? वर्ग तुमच्यासाठी निवडला जाण्याआधी तो तुम्हीच निवडा. जर्मनीच्या रोजगार कार्यालयाकडे प्रशिक्षणासाठी ‘बिल्डुंग्सगुटशाइन’ नावाचं व्हाउचर असतं. ते मिळालं तर मान्यताप्राप्त कोर्सची फी कार्यालय भरतं आणि भत्ताही चालू राहतो. वैयक्तिक मार्गदर्शनासाठी वेगळं व्हाउचर असतं. व्हाउचर द्यायचं की नाही हे सल्लागार ठरवतो. म्हणून त्याच्यासमोर रिकाम्या हाताने जाऊ नका. ‘या पाच जाहिरातींत हे सॉफ्टवेअर मागितलंय, मला ते येत नाही, हा कोर्स तीन महिन्यांचा आहे’ असं कागदावर मांडा. जर्मन भाषा अडत असेल तर तेही स्पष्ट सांगा. ‘मला काहीतरी कोर्स द्या’ म्हणणारा आणि ‘मला हा कोर्स का हवा’ हे सांगणारा, यांच्यात सल्लागाराला फरक दिसतो.

आणि तरीही नको असलेल्या वर्गात बसावं लागलंच, तर शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोला. तोही तुमच्यासारखाच कुठून तरी आलेला असतो. कोणत्या कंपनीत भरती चालू आहे, हे बऱ्याचदा तिथेच कळतं.

दिवाळीला घरी येता येईल का?

आता घरच्यांच्या प्रश्नाकडे येऊ. भत्ता घेणाऱ्याने कार्यालयाला सापडेल असं राहणं गरजेचं असतं. बाहेर जायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते. वर्षाला ३ आठवड्यांपर्यंत अशी परवानगी मिळू शकते आणि त्या काळात भत्ताही चालू राहतो. पण बेकारीच्या पहिल्या ३ महिन्यांत खास कारण असल्याशिवाय ती मिळत नाही. न सांगता निघून आलात तर भत्ता बंद, आणि मिळालेले पैसे परत करण्याची वेळ येऊ शकते.

म्हणून तिकीट आधी नाही, परवानगी आधी. घरात आजारपण किंवा असंच गंभीर काही घडलं तर त्याच दिवशी सल्लागाराला कळवा.

आजारी पडलात तर? तेही लपवू नका. डॉक्टरांकडून तशी नोंद घ्या आणि लगेच कळवा. आजारपणात ६ आठवड्यांपर्यंत भत्ता चालू राहतो.

अन्याय झाला असं वाटलं तर

भत्ता थांबवल्याचं पत्र आलं म्हणजे सगळं संपलं नाही. पत्र मिळाल्यापासून एका महिन्यात लेखी हरकत घेता येते. तिला ‘विडरश्प्रुख’ म्हणतात. त्यासाठी वकील लागतोच असं नाही. हरकत फेटाळली तर सामाजिक न्यायालयात जाता येतं आणि तिथे भत्ताधारकाला कोर्ट फी भरावी लागत नाही. तुमची ती रोज लिहिलेली वही इथेच कामाला येते.

घरच्यांसाठी चार शब्द

आईबाबांनो, सासूबाईंनो, दादा-ताईंनो, आता तुमच्याशी थोडं.

• रोज फोन करा, पण रोज ‘काही कळलं का?’ विचारू नका. काही कळलं तर तो स्वतःच सांगेल. जेवलास का, थंडी किती आहे, हे विचारलंत तरी पुरे.

• ‘भत्ता मिळतोय ना, मग टेन्शन कसलं?’ असं म्हणू नका. तो पैसा ठरावीक महिन्यांचा आहे आणि त्यासाठी तो रोज अर्ज करतोय.

• इथल्या फ्लॅटचा हप्ता त्याच्या पगारातून जात असेल तर काही महिने तो कसा भागवायचा, याचा हिशेब मोकळेपणाने एकत्र बसून करा. मनातल्या मनात करू नका.

• नातेवाईकांना काय सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या. लपवा असंही नाही आणि गावभर सांगा असंही नाही.

• सोबत त्याची बायको किंवा तिचा नवरा तिकडे असेल तर त्यांनाही वेगळा फोन करा. घरात एकाची नोकरी जाते तेव्हा ताण दोघांवर येतो.

नोकरी गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी वाटतं की आता आपल्या हातात काही उरलं नाही. पत्रं येतात, तारखा येतात, कुणीतरी बोलावतं, आपण जायचं. पण किती अर्ज करायचे हे बोलून ठरवता येतं, कोर्स मागता येतो, चुकीच्या पत्राला उत्तर देता येतं. आणि हो, परवानगी घेऊन तीन आठवडे आईच्या हातचंही खाता येतं. फक्त ती परवानगी मिळेपर्यंत आईने ‘कधी येतोस?’ असं रोज विचारू नये, एवढंच!