व्हॉल्व्हचा छोटा अँप्लिफायर : आधी अर्थिंग, मग गाणे

तानसा नदीकाठचे अकलोली गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहे. भिवंडी तालुक्यातील या भागात लगीनसराई आली की हळदीच्या रात्री बेंजो वाजतो. हौशी तरुणांच्या हाती आता गिटारही आली आहे. दोन्ही वाद्यांच्या तारांजवळ पिकअप बसवतात. तारेची थरथर तो विजेत बदलतो. पण ही वीज व्होल्टचा दहावा हिस्सा, इतकी क्षीण. ती वाढवून स्पीकर हलवणे हेच अँप्लिफायरचे काम.

जुना व्हॉल्व्हचा रेडिओ तापल्यावरच बोलू लागे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. तेच व्हॉल्व्ह येथे उपयोगी पडतात. ट्रान्झिस्टरचे यंत्र स्वस्त व हलके खरे. पण आवाज फार वाढवला की ते एकदम फाटते. व्हॉल्व्हचा आवाज हळूहळू भरदार होत जातो, म्हणून वादक त्याला जपतात.

रचना सोपी आहे. पुढे ईसीसी-८३ आणि शेवटी ईएल-८४ हा व्हॉल्व्ह. एका ईएल-८४ वर सुमारे ५ वॅट मिळतात. ते घरच्या सरावापुरते. मांडवासाठी दोन जोडावेत. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींपैकी एक ओढते तेव्हा दुसरी ढकलते, तसे हे दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात व १२ ते १५ वॅट देतात. इंग्लंडमध्ये १९५८ साली निघालेला व्हॉक्स एसी-१५ याच जोडीवर चाले. स्पीकर जोडल्याशिवाय यंत्र चालू करू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका असतो.

आता महत्त्वाचे. यंत्रात सुमारे ३०० व्होल्ट खेळतात, आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती उतरावी म्हणून मोठ्या कपॅसिटरला २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर कायम जोडावा. तरीही मिनिटभर थांबून, मीटरने पाहूनच आत हात घालावा.

वाद्याच्या तारा यंत्राच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. पत्र्यात वीज उतरली आणि अर्थिंग नसेल, तर ती थेट वादकाच्या बोटांत येते. शेतातील पंपासाठी आपण खड्डा खणून, कोळसा-मीठ भरून अर्थिंग करतो; तीच काळजी मांडवातही घ्यावी. तीन पिनांचा प्लग, फ्यूज आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. अर्थची पिन कधीही तोडू नये.

पहिले यंत्र मात्र जाणत्या कारागिराजवळ बसूनच जुळवावे. हौसेला मोल नाही, पण जीव त्याहून मोलाचा.