गळणे वेगळे, वाकणे वेगळे

परभणी-पूर्णा लोहमार्गावरच्या पिंगळीसारख्या गावात एकाच गल्लीत तीन काळांची छपरे दिसू शकतात. जुन्या घराचे मातीचे माळवद, त्याला लागून काढलेल्या खोलीवरचे पत्रे, आणि पलीकडे वरच्या मजल्याच्या आशेने सळया उघड्या ठेवलेला स्लॅब. तिन्ही छपरांचा निकाल मात्र एकाच खुणेवर लागतो. मृगाचा पाऊस पडला आणि घरात थेंब टपकला, की छप्पर गेले; टपकला नाही, की अजून दोन-चार वर्षे निघतील. ही खूण सोयीची आहे, कारण ती आपोआप दिसते आणि अंथरूण भिजवून जागे करते. पण गळतीतून कळते ते एवढेच, की पाण्याला कुठेतरी वाट सापडली. वरचे ओझे खालचे लाकूड, लोखंड आणि भिंत अजून पेलतात का, हे तिला विचारून उपयोग नाही. छप्पर दुरुस्त करायचे हे गळतीवरून ठरवता येते, बदलायचे की नाही हे ओझ्यावरूनच ठरवावे लागते. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की दुरुस्तीच छपराचा घात करते.

माळवदात हे सर्वांत स्पष्ट दिसते. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर किलच्या आणि पळाट्या, मग चिखलाचा थर आणि शेवटी पांढरीची माती, म्हणजे जुन्या गावठाणाची ती राखट, चिवट माती. ती चोपून बसवली आणि पन्हाळीकडे उतार नीट दिला, तर पाणी आत शिरण्याआधी वाहून जाते. पुढे थर झिजतो, उंदीर बिळे करतात, वर गवत माजते आणि पाणी झिरपू लागते. त्यावरचा उपाय पिढ्यान्पिढ्या ठरलेला आहे: उन्हाळ्यात आणखी माती टाकायची. आता हिशेब करू. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर एक इंच माती म्हणजे कोरडी असतानाच सुमारे साडेचारशे किलो. फूटभर जाडीचे माळवद म्हणजे पाच टनांहून अधिक, आणि भिजल्यावर त्याहून जास्त. दरवर्षीची थोडी माती पावसाने वाहून जाते हे खरे, पण जाते त्यापेक्षा पडते जास्त, म्हणून जुन्या माळवदाची जाडी वाढतच राहते. खालची तुळई मात्र आजोबांच्या वेळचीच असते, आणि वयाने तिची ताकद घटलेली असते. जे माळवद वर्षानुवर्षे निगुतीने माती टाकून अजिबात गळू दिले नाही, तेच कधीकधी सर्वांत जड आणि म्हणून सर्वांत धोक्याचे असते.

या ओझ्याची किंमत मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात मोजली. किल्लारीचा परिसर तेव्हा देशाच्या भूकंप-नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तरीही लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. जाड भिंती मातीत बसवलेल्या दगडांच्या होत्या, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड त्यांत फारसे नव्हते, आणि वर मातीचे जड माळवद. भिंती फुटल्या आणि छप्पर खाली आले. पण जिथे ओझे लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर होते, तिथे काही घरांत भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिला. हा फरक महत्त्वाचा आहे. मातीच्या छपराला सरसकट दोष देण्याऐवजी ओझे किती आणि ते कशावर उभे आहे, हे तपासावे लागते.

किल्लारी दूर आणि गोष्ट जुनी, असे कोणी म्हणेल. पण २१ मार्च २०२४च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि परभणी-नांदेडातही जमीन हलली; १० जुलैला पुन्हा तसेच झाले. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने पत्र्यांवर ठेवलेले दगड काढून टाकण्याची सूचना दिली. ते दगड का ठेवतात हे गावात सर्वांना ठाऊक आहे: वैशाखातल्या वावटळीत पत्रा उडू नये म्हणून. म्हणजे दगड ठेवला की डोक्यावर पडण्याची भीती, काढला की पत्रा उडण्याची. दगडांची गरज पडणे हीच पत्र्याच्या छपराची खरी खूण समजावी. पत्र्याला पडलेले छिद्र पत्रा बदलून बुजते, पण हुक गंजले असतील, खालचे लाकूड त्यांना धरत नसेल किंवा आडवे पाइप भिंतीत पक्के अडकवलेले नसतील, तर नवा पत्राही तसाच उडेल. शिवाय भूकंपाची वाट पाहायची गरज नाही. संततधार लागली की भिजलेल्या माळवदाचे वाढलेले वजन आणि ओलीने मऊ झालेली भिंत दोघे मिळून छप्पर खाली आणतात.

मग पाहायचे काय? मान वर करून, आतून आणि कोरड्या दिवसांत पाहावे. तुळईच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणावी. दहा फुटांना अर्धा इंच बाक, एवढी साधारण मर्यादा बांधकामात मानतात. जुने लाकूड वर्षानुवर्षे ओझ्याखाली थोडे वाकतेच, त्यामुळे नुसत्या बाकाने घाबरू नये. वाढणाऱ्या बाकाने घाबरावे. त्यासाठी भिंतीवर पेन्सिलीने खूण करून तारीख लिहून ठेवावी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मापावे. तुळईचे भिंतीत शिरलेले टोक टोच्याने टोचून पाहावे. वाळवी आणि ओल तिथेच आधी पोहोचते आणि वरून धडधाकट दिसणारे लाकूड आत भुसा झालेले असते. भिंतीला ओळंबा लावावा, तुळईच्या बुडापासून खाली उतरणारी चीर पाहावी. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते, उन्हात आकसते, त्यामुळे प्रत्येक चिरेचा दोष छपरावर टाकता येत नाही. पण तुळईखालची चीर दर मोसमात रुंदावत असेल, तर ती ओझ्याबद्दलच बोलते आहे.

स्लॅबला हे लागू नाही, असा समज आहे. स्लॅब कायमचा मानतात, म्हणून गळला की वर कोबा, मग आणखी एक कोबा. असा दोन इंची कोबा दहा बाय बारा फुटांच्या त्याच खोलीवर सव्वा टनाचे नवे ओझे ठेवतो, आणि आतली सळई गंजतच राहते. लोखंड गंजले की फुगते, खालचा सिमेंटचा थर ढकलून पाडते. छताला सळईच्या रेषेत चिरा, तांबूस डाग, हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज: या खुणा पाण्याच्या थेंबापेक्षा गंभीर आहेत. पोपडा एके ठिकाणी निघाला असेल, तर जाणकाराकडून सळई साफ करून दुरुस्ती होते. अनेक सळया झिजून बारीक झाल्या असतील आणि छत मधोमध खाली आले असेल, तर गिलावा करून रंग देणे म्हणजे पुरावा झाकणे.

सर्वांत वजनदार आक्षेप माळवदाच्या बाजूने आहे, आणि तो खोटा नाही. परभणीचा मे ४४ अंशांच्या वर जातो. पत्र्याखाली दुपार काढणे म्हणजे भट्टीत बसणे, स्लॅब रात्री उशिरापर्यंत तापलेला राहतो, माळवद मात्र थंड. शिवाय पैसे कुठून आणायचे? प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार रुपये ठरवले गेले, पण तिथे कच्चे-पक्के मुख्यतः साहित्यावरून ठरते. जनगणनेतही लोखंडी पत्रा पक्क्या छपरात मोडतो, मग तो दगडांच्या भारावर टिकलेला का असेना. म्हणून गारवा हवा असेल आणि सांगाडा शाबूत असेल, तर माळवद ठेवावे आणि ओझे उतरवावे: तुळयांना आधी टेकू देऊन साचलेली माती काढायची, खाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि पाच-सहा इंचच माती परत टाकायची. त्याला मजुरी लागते, नवे छप्पर लागत नाही. उलट, तुळयांची टोके कुजली असतील आणि भिंती ओळंब्यात नसतील, तर मातीत बांधलेल्या त्याच भिंतींवर माती काढून स्लॅब ओतणे हा गावोगावी दिसणारा उपाय सर्वांत महाग आणि सर्वांत वाईट ठरतो. स्लॅबही चौरस मीटरला तीनशे किलोंच्या घरात जातो. तिथे छपराआधी भिंत बदलावी लागते, आणि हा हिशेब चैत्रात मांडला तरच मृगाआधी हातात दिवस उरतात.