कीबोर्ड शिकणारीच्याच हातात राहू द्या!

नव्या सुनेनं विचारावं, ‘आई, हिंग कुठंय?’ आणि उत्तर यावं, ‘डब्यांवर नावं लिहिलीयेत, वाच की!’ उत्तर खोटं नसतं, पण सून पुन्हा विचारायला धजत नाही. लिनक्सच्या जगात नवख्यांना वर्षानुवर्षं असंच उत्तर मिळत आलं, ‘आधी माहितीपुस्तिका वाचा!’

मैत्रिणींनो, लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी, पण फुकट मिळणारी प्रणाली. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. आमच्या बचत गटाच्या जुन्या कॉम्प्युटरला विंडोज ११ झेपेना आणि नवा घ्यायला पैसे नव्हते. मग लिनक्स टाकून घेतलं.

हिशेब लिहिणाऱ्या काकूंची फाईल सापडेना. एका जाणकारानं कीबोर्ड ओढला, टकाटक चार अक्षरं टाइप केली, ‘झालं बघा!’ म्हणाला आणि गेला. फाईल मिळाली, पण काकू होत्या तिथंच! पुढच्या वेळी कॉलेजातली एक मुलगी आली. हात मांडीवर ठेवून बसली. ‘काकू, माऊस तुम्हीच धरा.’ वीस मिनिटं गेली खरी, पण आज काकू इतरांना शिकवतात.

वॅलरी अरोरा या प्रोग्रामर बाईंनी २००२ मध्ये लिनक्सकडे बायका कशा वळतील यावर मार्गदर्शन लिहिलं. त्यातही हेच आहे, शिकणारीच्या हातून कीबोर्ड काढून घेऊ नका. त्याआधीच ‘लिनक्सचिक्स’ हा बायकांचा गट निघाला. त्याचे नियम दोनच, नम्रपणे बोला आणि मदत करा. २००४ मध्ये आलेल्या ‘उबुंटू’ या लिनक्सच्या नावाचा अर्थच माणुसकी!

गंमत म्हणजे, १९९१ मध्ये हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्सनं लिनक्स जाहीर केलं, तेव्हा त्यानंही लोकांना ‘तुम्हाला यात काय हवंय?’ असं विचारलंच होतं. पुढं तोच तिखट बोलण्यासाठी ओळखला जाऊ लागला. २०१८ मध्ये त्यानं जाहीर माफी मागितली आणि काही दिवस कामातून रजा घेतली. त्याच वर्षी तिथं वागणुकीचे नियमही आले.

बरं, आपलीही एक बाजू आहेच. जाणकार मंडळी बहुतेक वेळा फुकट, आपला वेळ मोडून मदत करतात. नुसतं ‘चालत नाही हो’ म्हटलं तर त्यांना कसं कळणार? स्क्रीनवर आलेली सूचना जशीच्या तशी वहीत उतरवा. त्याआधी काय केलं होतं, तेही लिहा. नीट विचारलं की बहुतेक जण आपुलकीनं सांगतात. आणि कुणी वसकन अंगावर आलंच, तर दुसऱ्याला विचारा. एकाच्या तुसडेपणापायी शिकणं कशाला सोडायचं?

जाणकारांना मात्र एकच विनंती. आमचं काम पटकन उरकून देऊ नका. जरा शेजारी बसा, आम्हाला चाचपडू द्या. पुढच्या वेळी तुम्हाला हाक मारायची वेळच येणार नाही!