चांदोलीचे अरण्य पाहताना

अरण्यातून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो एकच – 'वाघ दिसला का?' हाच प्रश्न मनात धरून चांदोलीला जाणारा बहुधा निराश होतो. दोष अरण्याचा नव्हे. पाहण्याच्या रीतीचा आहे.

वारणेच्या खोऱ्यात, सह्याद्रीच्या ऐन कण्यावर हे राष्ट्रीय उद्यान सुमारे ३१८ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरले आहे. १९८५ साली ते अभयारण्य झाले, २००४ साली राष्ट्रीय उद्यान. आणि २०१० साली कोयना अभयारण्यासह त्याचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

विदर्भातील पानगळीच्या रानात उन्हाळ्यात झाडी विरळ होते, पाणवठे मोजकेच उरतात. साहजिकच जनावर नजरेस पडते. चांदोलीची गोष्ट वेगळी. येथील अंजनी, जांभूळ, पिसा ही झाडे बारमाही हिरवी असतात. त्यांच्या गर्द सावलीत दहा पावलांवरचा गवाही दिसत नाही. येथे जनावरापेक्षा त्याची खूण शोधावी : ओल्या मातीतील खूर, अस्वलाने उकरलेले वारूळ, उंच फांदीवर शेकरूने काटक्या-पानांचे बांधलेले गोल घरटे.

सड्यावर मात्र चित्र पालटते. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरील जांभ्या दगडाचे पठार. मातीचा थर पातळ असल्याने तेथे मोठी झाडे तगत नाहीत, गवत माजते. सकाळ-संध्याकाळ गवे झाडीतून बाहेर पडून तेथे चरतात. त्या वेळी कडेला निमूटपणे बसून राहावे.

गवताच्या आणखी काही जागा आहेत, आणि त्या पाहताना मन अस्वस्थ होते. धरणासाठी आणि पुढे अरण्याच्या रक्षणासाठी येथील गावे उठली. त्यांची शेते आता कुरणे झाली आहेत. जेथे भात-नाचणी पिकत होती तेथे गवे चरतात. २०१८ साली या व्याघ्र प्रकल्पात कॅमेऱ्याने वाघ टिपला, २०२५ साली ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणली गेली. गवत टिकले तर गवा-सांबर टिकतील, ते टिकले तरच वाघ. त्या गवताची किंमत कुणी आपले घरदार सोडून मोजली आहे.

तेव्हा चांदोलीहून परतल्यावर 'वाघ दिसला का?' असे कुणी विचारले, तर त्याला या कुरणांची गोष्ट सांगावी.