दहा बाय बाराच्या खोलीत मुलांचा कोपरा

आपल्या बहुतेक घरांत एकच खोली असते. तिथेच गॅस किंवा चूल, तिथेच मोरी, टीव्ही, अंथरुणे आणि आलेला पाहुणा. अशा घरात ‘मुलांना शिकायला स्वतंत्र जागा द्या’ असे कुणी सांगितले की आईबाबांना आधी हसू येते आणि मग वाईट वाटते. दुकानातले छोटे टेबल, रंगीत फळा, खेळण्यांचे कपाट बघून वाटते, हे आपल्याला परवडणारे नाही.

पण तीन ते सहा वर्षांच्या मुलाला यातले काही लागत नाही. त्याला हवा एक ठरलेला कोपरा, चांगला उजेड, हाताळायला चार वस्तू आणि त्याच्याशी बोलणारे माणूस. आयुष्याच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत वेगाने होते. याच वयात डोळे, बोटे आणि पाठ यांना सवयी लागतात. आणि याच वयात भाजणे, बुडणे, वस्तू गिळणे असे अपघात घरातच होतात. म्हणून हा विषय शाळेचा आहे तितकाच आरोग्याचाही आहे.

जागा कुठली निवडावी?

तीन फूट बाय तीन फूट जागा पुरते. चूल, गॅस आणि मोरी यांच्यापासून ती जितकी लांब असेल तितके बरे. चुलीचा, रॉकेलच्या चिमणीचा आणि मच्छर अगरबत्तीचा धूर लहान मुलाच्या छातीत साठतो. खोकला, सर्दी, दमा वाढतो. पाण्याचे पिंप किंवा भरलेली बादली जवळ नको. रांगणारे, नुकते चालू लागलेले मूल बादलीतल्या थोड्या पाण्यातही बुडू शकते. पिंपावर घट्ट झाकण असले की बुडण्याचा धोका टळतो आणि डेंग्यूच्या डासांनाही जागा राहत नाही.

विजेचा बोर्ड, जोडलेली वायर, मोबाइलचा चार्जर मुलाच्या हाताला लागेल असा ठेवू नका. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता खिळ्याला उंच टांगा.

पत्र्याच्या घरात दुपारी भट्टी पेटते. त्या वेळी मुलाला कोपऱ्यात बसवून उपयोग नाही. सकाळचा किंवा संध्याकाळचा अर्धा तास धरा. पावसात पाणी शिरणारे घर असेल तर पुस्तके-पाटी भिंतीला उंचावर, जाड पिशवीत टांगा. आईने मुलाच्या मापाची एक पिशवी शिवली की कोपरा गुंडाळून ठेवता येतो आणि हवा तेव्हा मांडता येतो. रात्री तिथे अंथरूण पडले तरी हरकत नाही. सकाळी ती जागा पुन्हा त्याचीच, एवढे घरातल्या सर्वांनी पाळावे.

बसायला आणि लिहायला

खाली चटई किंवा दुपटे. मांडी घालून बसलेल्या मुलाच्या कोपराएवढ्या उंचीवर लिहिण्याची फळी यावी.  घरातला चौरंग किंवा फळवाल्याकडची लाकडी पेटी उलटी केली तरी चालते. पेटीचे खिळे ठोकून बसवा, कडा पॉलिश पेपरने घासा.

मूल वाकून, नाक टेकवून लिहीत असेल तर फळी बुटकी आहे किंवा त्याला नीट दिसत नाही. पुस्तक डोळ्यांपासून किती लांब हवे याचे माप मुलाच्या हातातच आहे. त्याच्या कोपरापासून बंद मुठीपर्यंत जेवढे अंतर, तेवढे.

पाच वर्षांच्या आतल्या मुलाकडून वहीच्या बारीक रेघांत अक्षरे गिरवून घेऊ नका. त्याची बोटे अजून तयार व्हायची असतात. कणकेचा गोळा मळणे, चिंध्या फाडणे, कपड्यांचे चिमटे दाबणे, खडूने मोठ्या रेघा ओढणे यातून बोटांत जोर येतो. मग पेन्सिल आपोआप नीट धरली जाते.

उजेड

दिवसा दार किंवा खिडकीच्या बाजूला बसवा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डाव्या बाजूने उजेड यावा, डावखुऱ्याच्या उजव्या बाजूने. बल्ब पाठीमागे असला की स्वतःच्याच डोक्याची सावली पाटीवर पडते.

नऊ वॉटचा एलईडी बल्ब रोज चार तास लावला तर महिन्याला जेमतेम एक युनिट वीज लागते. जुना साठ वॉटचा बल्ब तेवढ्याच वेळात सात युनिट खातो. बल्बचे पैसे बिलात वसूल होतात.

भिंत हाच फळा

जमिनीपासून तीन फुटांपर्यंतची भिंत मुलाची. तिथे फळ्याचा काळा रंग द्या, किंवा पुठ्ठ्याला रंग देऊन टांगा. खडूची पूड फडक्याने झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा. चित्रे, तक्ते मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. आपल्या उंचीवर लावलेला तक्ता आपल्यासाठीच राहतो.

चार वस्तू कोणत्या?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. महागडी साधने गरिबाच्या घरी पोचणार नाहीत हे त्यांनी ओळखले. दगड, पाने, बिया, माती अशा परिसरातल्या वस्तूंनीच त्यांनी मुलांना मोजायला, वेगळे करायला, रचायला शिकवले. तेच घरी करता येते. जुन्या बांगड्या लहान-मोठ्या लावणे, डब्यांना त्यांची झाकणे जुळवणे, कापडाच्या तुकड्यांत सारखा रंग शोधणे. बिस्किटांच्या आणि साबणाच्या वेष्टनांवरची चित्रे कापून जुन्या वहीत चिकटवली की पहिले पुस्तक तयार होते. वाचता न येणारी आजीसुद्धा त्यावरून गोष्ट सांगू शकते.

ती गोष्ट घरच्या बोलीत सांगा. वऱ्हाडी असो, मराठवाड्याची असो, मुलाला आपल्या बोलीत ज्याचे नाव माहीत असते ते त्याला पुस्तकी शब्दातही लवकर समजते. ‘तुझं बोलणं अशुद्ध आहे’ असे घरी ऐकलेले मूल शाळेत तोंड उघडत नाही.

पाटी, खडू, एक बल्ब आणि चटई एवढेच विकत घ्यायचे तर साधारण तीन-चारशे रुपयांत भागते. बाकीचे घरात असते.

काय आणू नये?

आपल्यापैकी अनेकांचे पोट भंगारावर चालते. भंगारातून खेळणे आणताना मात्र पाच गोष्टी घरात येऊ देऊ नका:

सुई, सिरिंज, औषधाच्या बाटल्या.

फुटलेली बॅटरी, जळकी वायर, मोबाइलचे सुटे भाग.

केमिकलचे डबे आणि पिंपे. धुतले तरी नकोत.

पोपडे निघालेला जुना रंगीत लाकडी माल. भारतात घरगुती रंगातले शिसे ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकते. शिसे पोटात गेले तर मुलाच्या मेंदूला कायमची इजा होते.

बटणासारखे गोल सेल असलेली खेळणी. असा सेल गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. उलटी करवू नका, त्याच क्षणी मोठे हॉस्पिटल गाठा.

घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल तर चिंचोके, मणी, शेंगदाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हरभरा किंवा चवळीचा दाणा नाकात गेला तर तो फुगतो. काडी घालून काढायला जाऊ नका, दवाखान्यात न्या.

टीव्ही, मोबाइल आणि झोप

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे: दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाला एका तासाहून जास्त वेळ नको, कमी असेल तर उत्तम. वर्षाच्या आतल्या बाळाला मुळीच नको. तीन-चार वर्षांच्या मुलाला दहा ते तेरा तास झोप हवी आणि दिवसभरात तीन तास हालचाल. उजेडात, घराबाहेर खेळल्याने डोळ्यांचा नंबर लागण्याची शक्यताही कमी होते. म्हणजे कोपरा अर्ध्या तासाचा, बाकी वेळ अंगण, गल्ली आणि मैदानाचा.

बाबासाहेबांचे उदाहरण आपण सर्व देतो. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी त्यांना लवकर झोपवत, स्वतः जागत आणि रात्री दोनला अभ्यासाला उठवत. खोलीत जागा नव्हती, तेव्हा त्या बापाने वेळेची वाटणी केली. यातून आपण घ्यायची ती वाटणी. मध्यरात्री उठण्याची कसोटी हायस्कुलात शिकणाऱ्या मुलाची होती, चार वर्षांच्या लेकराची झोप मोडू नका. त्याच्यासाठी संध्याकाळी अर्धा तास टीव्ही बंद ठेवणे हीच वेळेची वाटणी.

आणि हा कोपरा लेकीचाही आहे. धाकट्याला सांभाळणे, नळावरून पाणी आणणे हे काम पाच-सहा वर्षांच्या मुलीकडे हळूच सरकते आणि पाटी भावाकडे जाते. अर्ध्या तासात तिला कोणीही हाक मारू नये.

घरात जमत नसेल तर?

काही घरांत खरोखर जागा नसते. कुणी आजारी असते, कुणी रात्रपाळी करून दिवसा झोपते, कुणी पिऊन गोंधळ घालते. तो दोष मुलाचा नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत पूर्वशिक्षण आणि आहार मोफत मिळतो, त्याचे नाव तिथे घाला. वस्तीतल्या विहाराची खोली दुपारी बहुधा रिकामी असते. महिला मंडळाने आठवड्याचे तीन दिवस तास-तासभर ती लहान मुलांसाठी उघडली, दोन सतरंज्या आणि वेष्टनांच्या चित्रवह्यांचा एक डबा ठेवला, तर दहा घरांची सोय होते. एक आई तिथे बसते, बाकीच्या कामाला जातात, पुढच्या दिवशी दुसरी.

एक शेवटची नोंद. कोपऱ्यात बसलेले मूल डोळे बारीक करते, एका डोळ्याने बघते, हाक मारल्यावर वळत नाही, किंवा त्याच्या वयाची मुले बोलतात तसे बोलत नाही, असे दिसले तर ‘मोठे झाल्यावर सुधारेल’ म्हणून थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येते. पुढची तारीख सेविकेला विचारून ठेवा. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी मिळणारा जीवनसत्त्व ‘अ’चा डोसही चुकवू नका. उजेड आपण लावू, पण तो बघायला लेकराचे डोळे धड हवेत.