मुकुट नाही, म्हणून राजा नाही?

युरोपच्या प्रबोधनकाळातली व्यक्तिचित्र असलेली पदकं लोकांना दाखवली, की एक शेरा हमखास येतो: “डोक्यावर मुकुट नाही, म्हणजे हा कुणी सरदार असणार.” कितीदा सांगायचं, की मुकुट शोधण्याआधी कडेची अक्षरं वाचा आणि पदक उलटून पाहा!

इटालियन कलाकार पिसानेल्लोने १४३८-३९च्या सुमारास बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचं पदक घडवलं. या कलाप्रकाराची सुरुवात तिथून मानतात. सम्राटाने घातली आहे उंच, टोकदार टोपी. तो सम्राट असल्याचं कडेच्या ग्रीक मजकुरातून कळतं.

त्याच पिसानेल्लोने १४४९मध्ये नेपल्सचा राजा अल्फॉन्सो घडवला. अंगात चिलखत आहे, डोकं मात्र उघडं. एका बाजूला शिरस्त्राण, दुसऱ्या बाजूला मुकुट, दोन्ही नुसतेच ठेवलेले. असं का? कारण नमुना होता रोमन नाण्यांचा, आणि त्यांवरचे सम्राट बहुधा उघड्या डोक्याचे किंवा पानांची माळ घातलेले दिसतात. अल्फॉन्सोच्या नावाआधी ‘दिवुस’ हा शब्द आहे. रोममध्ये तो मृत्यूनंतर देवपदाला पोचलेल्या सम्राटांना लावत. इथे तो जिवंत राजाला लावलाय! मुकुट तर युरोपातल्या कुठल्याही राजाकडे होता. त्यापुढे हा दावा कितीतरी मोठा.

मागच्या बाजूला मेलेल्या हरणापाशी गरुड बसलाय, भोवती इतर शिकारी पक्षी आहेत. यावर लगेच “राजा किती क्रूर” असं म्हणणारे भेटतात. वरची अक्षरं आहेत ‘लिबेरालितास ऑगस्टा’, म्हणजे सम्राटाला शोभणारं औदार्य. गरुड आपल्या शिकारीतला वाटा इतरांना देतोय. अल्फॉन्सोची सत्ता इथे देण्यातून दाखवली आहे.

मुकुट कधीच नसतो, असंही नाही. १४९९-१५००च्या, लियों शहराच्या पदकावर फ्रान्सच्या बाराव्या लुईच्या टोपीवर तो ठळक दिसतो, आणि चेहऱ्यामागे फ्रेंच राजघराण्याची लिलीची फुलं पसरलेली आहेत.

आणखी दोन शेरे नेहमी ऐकू येतात. “ही जुनी नाणी आहेत”: नाहीत. त्यांना दर्शनी मूल्य नसे. सुरुवातीची पदकं साच्यात ओतून केलेली असत आणि ती भेट म्हणून दिली जात. अल्फॉन्सोचं हे पदक सुमारे ११ सेंटिमीटर व्यासाचं आहे. एवढं नाणं कुणी खिशात घालत नाही.

“आगीतला सॅलामँडर म्हणजे फ्रान्सच्या राजाची खूण”: पहिल्या फ्रान्सिसच्या १५०४च्या पदकावर हा पालीसारखा प्राणी आहे. तेव्हा फ्रान्सिस दहा वर्षांचा होता आणि गादीवर आला १५१५मध्ये. म्हणजे ही खूण तो राजा होण्याआधीची.